हात लावू नये

कैफियतीत लिहिलंय, धोका ढळढळीत होता.
वकिलांनी तो शब्द तीनदा वाचला, ढळढळीत,
जसा काही तो बाराचा सूर्य होता
आणि सातापा पोवार हट्टानं त्याच्याकडं बघत बसला.

मी दस्तगीर. पेंटर. उद्यमनगरात दुकान,
दुकान म्हणजे एक शटर, त्यातलं अर्धं दुसऱ्याचं.
ट्रकच्या मागं, दूधसंस्थेच्या भिंतीवर
माझं अक्षर तुम्ही बघितलं असणार.
फ्लेक्स आल्यापासून पोट कारखान्यांवर:
ज्वालाग्राही, धूम्रपान करू नये, मुतारीचे बाण.

शिरोलीच्या शेडमधला तो बोर्ड माझाच.
पिवळ्यावर काळं, साडेतीन फूट बाय दोन,
सावधान. चालू यंत्रास हात लावू नये.
साडेचारशे ठरलेले, चारशे मिळाले.
हेही मी कोर्टात सांगितलं. कुणी लिहून घेतलं नाही.

शिडी सातापानं धरली होती.
जेवणाची सुट्टी. भाकरीचा हात विजारीला पुसत
खालून एकेक अक्षर वाचत होता.
म्हणाला, पेंटर, यंत्राचं टिंब राहिलंय.
राहिलं होतं खरंच. दिलं.
मग प्रेसकडं बघून म्हणाला,
"हात न्हाई लावायचा, तर पीस काढायचा कशानं? नाकानं?"
दोघं हसलो. शिडी हलली.

प्रेसची जाळी कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी,
तिच्यावर पोरांचे टॉवेल वाळत.
जाळी लावली की दिवसाला अठराशे वायसर,
काढली की सव्वीसशे.
हे बोर्डावर नव्हतं.
हे फोरमनच्या तोंडात होतं, रोज सकाळी आठला.

साक्षीला मला हेरवाडे शेठनीच आणलं, रिक्षा करून.
त्यांचे वकील म्हणाले, म्हणजे त्याला वाचता येत होतं?
येत होतं, साहेब. माझ्यापेक्षा चांगलं.
म्हणजे त्याला माहीत होतं?
होतं.
वकील बसले. शेठ पंख्याखाली सैल झाले.
आणि बाकावरनं सातापाची बायको
माझ्याकडं बघत होती,
मी तिच्या ताटात माती कालवल्यागत.

मला वाटायचं, मी माणसांना सावध करतोय.
मी तर शेठच्या नावानं पावती फाडत होतो.
पिवळ्यावर काळी. सही माझी, खाली कोपऱ्यात, बारीक.

मग समोरच्या वकीलबाई उठल्या.
बोर्ड वाचून तो काय म्हणाला?
सांगितलं.
मागं कुणीतरी फिसकन हसलं.
टायपिस्ट थांबला, नाकानं लिहू की नाकाने?
न्यायाधीश म्हणाले, बोलला तसं लिहा.

आणि शेठची केबिन?
प्रेसच्या समोरच, बाई. मधे काच.
काचेवर 'संचालक' मीच लिहिलंय, सोनेरीत.
आतनं प्रेस दिसतो?
दिसतो. अक्षरं तेवढी आतनं उलटी.
बाई वळल्या, शेठकडं नाही, नुसत्या पंख्याकडं बघत म्हणाल्या,
म्हणजे ढळढळीत दोन्हीकडनं.

पुढची तारीख सतराची.
बाहेर गाड्यावर सातापानं चहा डाव्या हातानं घेतला.
उजवा खिशात. तीन बोटं नाहीत, पण खिसा भरलेला दिसतो,
तसा ठेवायला शिकलाय.
काय बोलावं कळेना. तोच म्हणाला,
"टिंब दिलंस ते बरं झालं. नाहीतर म्हणले असते, चुकीचं वाचलं."

तेवढ्यात फोन. गोकुळ शिरगावची पार्टी,
सावधानचे चार बोर्ड पाहिजेत, उद्या तपासणी आहे.
विचारलं, मशीनला जाळी आहे नव्हं?
ते म्हणाले, तुला काय करायचंय, रेट सांग.

सातापा कपाच्या तळाकडं बघत होता.
मी रेट सांगितला.
पन्नास वाढवून.